पाकिटातला कौल

पाठ दुखते म्हणून माणसाला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतात, हे आमच्या चाळीत कुणाला पटेना. चिंचवड स्टेशनच्या अलीकडे, रुळांच्या कडेला आमची बैठी चाळ होती. समोरच्या काकूंनी मला नळावर गाठलं आणि हळूच विचारलं, "डोक्यावर काही परिणाम झालाय का गं त्यांच्या? तसं असेल तर सांग, लपवू नको." मी म्हटलं, "डोकं ठीक आहे काकू. जेवढं होतं तेवढं आहे." काकूंना थट्टा कळायची नाही. संध्याकाळपर्यंत 'थोडंच उरलंय म्हणे' अशी बातमी शेवटच्या खोलीपर्यंत पोचली आणि दोन बायका मला धीर द्यायला येऊन गेल्या.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते. लोखंडाची ओतीव कामं, म्हणजे साच्यातून निघालेले जड भाग, उचलायची, मशीनवर चढवायची, झाली की उतरवायची, असं आठ तास. ओव्हरटाइम असला की बारा. अंगानं मजबूत आणि स्वभावानं गरीब गाय. सुपरवायझरला 'नाही' म्हणायचं त्यांना जमत नसे, शेजाऱ्याला म्हणायचं जमत नसे, आणि मला म्हणायचंही जमत नसे; मला मात्र ते 'हो' म्हणून स्वतःला हवं तेच करत. माझं उलटं. माझी जीभ म्हणजे कातर, असं माझी आई म्हणायची. तळेगावात मॅट्रिकपर्यंत शिकले होते आणि चाळीच्या टोकाला बालवाडी चालवत होते. पन्नास पोरांना गप्प बसवणारी बाई घरी येऊन कशी गप्प बसणार?

एक दिवस सकाळच्या शिफ्टला ह्यांनी काहीतरी वाकून उचललं आणि सरळच होता येईना. दोघा मित्रांनी धरून घरी आणलं. "उसण भरलीय वहिनी," म्हणाले, "दोन दिवसांत मोकळी होईल." उसणीवरचा आमचा पहिला इलाज ठरलेला असतो. पायाळू माणूस, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला, त्यानं पाठीवर पाय टेकवला की उसण पळते. मागच्या चाळीत एक पायाळू म्हातारी होती. तिनं ह्यांना पालथं झोपवलं, भिंतीला धरून आपला उजवा पाय कमरेवर ठेवला आणि नको तेवढा जोर दिला. हे ओरडले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं ते उशीला पुसलं आणि म्हणाले, "बरं वाटतंय मावशी." म्हातारी खूश होऊन चहा पिऊन गेली.

बरं काही वाटत नव्हतं. कळ आता कमरेतून उतरून डाव्या पायात गेली. मांडीच्या मागून पोटरी, पोटरीतून पावलावर. खोकला आला तरी पायात वीज गेल्यासारखं व्हायचं. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. ह्यांचं जायचं नावच घेईना. कामगार विम्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक सांगितला आणि शेवटी चिठ्ठी देऊन पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, मेंदूच्या आणि मणक्याच्या डॉक्टरांकडे.

हे डॉक्टर ठेंगणे, टापटीप, सावकाश बोलणारे होते. पाठीच्या कण्यात सुईनं औषध घालून त्यांनी क्ष-किरणाचे फोटो काढले. त्या सुईनं ह्यांचं डोकं पुढे तीन दिवस ठणकत होतं, म्हणजे काकूंचं म्हणणं थोडंफार खरंच झालं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. आम्ही तिघं होतो: हे, मी आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. त्या चाकणकडच्या महाळुंग्याच्या. तिथे तेव्हा कारखाने नव्हते, बाजरी आणि कांदा होता, आणि गावाबाहेर भैरोबा होता.

डॉक्टर म्हणाले, दोन मणक्यांच्या मधे एक मऊ गादी असते. तुमची एक गादी सरकून बाहेर आलीय आणि पायाकडे जाणाऱ्या शिरेवर दाब देतेय. एवढं आम्हाला कळलं. पुढे ते जे बोलले त्यानं मात्र आम्ही तिघंही चाट पडलो.

"ऑपरेशन करून ती गादी काढता येते. नुसती झोपून विश्रांती घेतली तरी बऱ्याच जणांचं थांबतं. तुमच्यासारख्या माणसाला ह्या दोन्हीतलं कोणतं चांगलं, हे आम्हाला खात्रीनं माहीत नाही. कुणालाच नाही. म्हणून आम्ही ते शोधतोय. जे तयार असतात त्यांच्यासाठी एक बंद पाकीट उघडतो. काहींत ऑपरेशन असतं, काहींत विश्रांती. मग सगळ्यांना वर्षभर तपासत राहतो. तुम्हाला यात यायचं नसेल तरी उपचार होतीलच, त्यात फरक पडणार नाही." मग बोट वर करून ते म्हणाले, "एक लक्षात ठेवा. पाकिटात काहीही निघालं, तरी पाय लुळा पडायला लागला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी यायचं. मग ते पाकीट गेलं खड्ड्यात."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर आत्यांना राहवेना. "येवढा मोठा डाक्टर, आन् त्येला म्हाईत न्हाई? मंग ज्येला म्हाईत हाय त्येच्याकडं जाऊ की!"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. डॉक्टरानं कसं, 'हे करा' म्हणावं आणि आपण करावं. मेंदू उघडून बघणारा माणूस 'माहीत नाही' म्हणतो म्हणजे काय! पण त्या माणसाकडे बघून मला राग येईना. खोटं बोलणं त्यांना सोपं होतं, आम्ही तेही डोळे झाकून मानलं असतं.

आम्ही 'हो' म्हटलं. ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही, हे मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं एक खोकं आणलं. डॉक्टरांनी वरचंच पाकीट उचललं, चिकटवलेलं आहे हे आम्हाला दाखवलं, कात्रीनं कडा कापली आणि आतला कागद वाचला, "विश्रांती." त्या क्षणी आत्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि त्या फाटक्या पाकिटाला दोन्ही हात जोडले.

"कौल घेत्यात व्हय? मंग आधीच सांगायचं की!" त्या मला म्हणाल्या. "आमचा भैरोबा न्हाई का, उजवी कळी पडली की हां, डावी पडली की न्हाई. मानसाला कळंना की द्येवाला इचारायचं. शाना हाय डाक्टर."

गावाकडे असंच असतं. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, काही अडलं की गुरव देवाच्या ओल्या दगडी मूर्तीला फुलाच्या कळ्या चिकटवतो, आणि कोणत्या बाजूची आधी पडते त्यावर ठरतं. डॉक्टरांना माहीत नव्हतं हा दोष आत्यांच्या मनातून धुऊन निघाला. माहीत नसलेला माणूस आपली अक्कल न चालवता वरच्यावर सोपवतो, यापरता मोठेपणा कोणता? मी हसले. मला ते गोड वाटलं. त्यातून पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती.

हे काही आठवडे हॉस्पिटलात पडून होते. पायांना चिकटपट्ट्या बांधून कॉटच्या टोकावरून वजनं सोडलेली, उताणं पडायचं, छत बघायचं. मग घरी पाठवलं. घरी पलंगावर फळी टाकली, वर पातळ गादी. दर पंधरा दिवसांनी येऊन तपासून घ्यायचं, असं बजावलं होतं. पहिल्या खेपेला आम्ही रिक्षा करून गेलो. कळ कमी झाली होती हे खरं. डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून, टोचून पाहिला, आणि विचारलं, "कसं आहे?" हे म्हणाले, "बरं आहे साहेब."

आता हे 'बरं आहे' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्यात डॉक्टरनं कसं आहे विचारलं की बरं आहे म्हणायचं असतं. ती विचारणाऱ्याचा मान ठेवायची रीत आहे. पाहुण्यानं 'चहा छान झालाय' म्हणायचं असतं, तसंच. ज्या माणसानं आपल्यासाठी एवढं केलं त्याच्या तोंडावर 'अजून दुखतंय' म्हणायचं म्हणजे त्याच्या हाताला यश नाही म्हणण्यासारखं. सुपरवायझरनं विचारलं तर गोष्ट वेगळी. तिथे नसलेलंही दुखतं.

दुसऱ्या खेपेची वेळ आली तेव्हा आत्या म्हणाल्या, "कशाला जायाचं?"

"डॉक्टरांनी बोलावलंय."

"कौल झालाय की. द्येवाला येकदा इचारलं की पुन्यांदा इचारू न्हाई. त्येला इस्वास न्हाई आसं व्हतं."

मी म्हटलं, "आत्या, तो देव नाही, डॉक्टर आहे. पुण्यात राहतो."

पण ह्यांनी आईची बाजू घेतली. "बरं तर वाटतंय. उगाच कशाला पुण्यापर्यंत आपटत जायचं?" त्यांनी मित्राबरोबर हॉस्पिटलात निरोप धाडला: तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी. तिसऱ्या खेपेलाही तसाच निरोप गेला. मी बडबडले. तीन माणसांच्या घरात दोन मतं एका बाजूला पडली की तिसऱ्यानं भांडी आपटावीत. मी ती आपटली.

त्याच सुमाराला मला तो आवाज ऐकू यायला लागला. हे आता घरात हिंडत होते. उजवं पाऊल नीट पडायचं आणि डावं फटकन. टप, फट. टप, फट. पुढचा चवडा उचलला जायचा नाही, टाच टेकली की पाऊल फरशीवर आपटायचं. उंबऱ्याला बोटं अडायची. चाळीच्या नळापर्यंत गेले तर डाव्या पायातली चप्पल वाटेतच राहायची आणि ह्यांना कळायचंही नाही. कुणाचं तरी पोर ती उचलून आणून द्यायचं. मी विचारलं तर म्हणाले, "पट्टा ढिला झालाय." चांभाराकडून पट्टा आवळून आणला. चप्पल परत राहिली. पुन्हा चांभार. चांभारही वैतागला असेल. शेवटी ह्यांनी घरात-बाहेर अनवाणी चालायला सुरुवात केली आणि आईला सांगितलं, डॉक्टरनंच सांगितलंय.

"तुमचा पाय उचलत नाहीये," मी म्हटलं.

"पडून पडून आळसावलाय."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? लुळा पडायला लागला तर त्याच दिवशी या."

"लुळा कुठंय? चालतोय ना मी?" असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. हा माणूस माझ्यावर आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

मी घाबरले. उघड सांगते, मी फार घाबरले. ज्या पायावर उभं राहून हे आठ तास काम करत होते तो पाय रोज थोडा थोडा निघून चालला होता, आणि घरातली दोन माणसं झाकली मूठ सव्वा लाखाची करून बसली होती. मी मनाशी ठरवलं, सोमवारी बालवाडी बंद ठेवायची, लोकल पकडायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि एकटीनं जाऊन डॉक्टरांना गाठायचं.

रविवारी सकाळीच दारात स्कूटर थांबली. मोठ्या डॉक्टरांचे मदतनीस आले होते, उंच, किडकिडीत, भुवयांवर रस्त्याची धूळ. जे रुग्ण येत नाहीत त्यांच्या घरी ते सुट्टीच्या दिवशी जात. आदल्या रविवारी म्हणे देहूरोडपर्यंत जाऊन आले होते. मला वाटलं, माझी सोमवारची खेप वाचली.

पण आमचं घर पाहुणचाराचं! आत्यांनी खुर्ची पुसली, पंखा त्यांच्याकडे फिरवला. मी कांदेपोहे टाकले. हे पलंगावर लोडाला टेकून, पायांवर चादर घेऊन, अगदी नवरदेवासारखे बसले. डॉक्टर खाता खाता विचारत होते.

"कळ?"

"नाही साहेब."

"चालता किती?"

"परवा आकुर्डीपर्यंत जाऊन आलो." परवा हे मोरीपर्यंत जाऊन आले होते.

"जिने?"

"चाळीला जिनाच नाही साहेब," हे हसले, डॉक्टरही हसले.

आत्या म्हणाल्या, "द्येवानं उजवा दिला डाक्टर. येकदम झ्याक हाय. तुमी कशाला तरास घ्येतला?"

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली, पिशवी जवळ ओढली आणि म्हणाले, "जरा पाय तपासतो." त्यावर ह्यांनी काय करावं? "साहेब, आधी चहा. थंड होईल. आणि ऊन वाढायच्या आत निघा, स्कूटर तापते." चहा झाल्यावर म्हणाले, "आत्ताच तेल लावलंय पायाला, तुमचे हात खराब होतील." मी ओट्यापाशी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तो भला माणूस आमच्या अगत्याखाली दबून उठायच्या बेतात आला होता.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ह्यांना जरा त्या दारापर्यंत चालून दाखवायला सांगा."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कधी विसरणार नाही. आत्या म्हणाल्या, "पोरी, परक्या मानसाम्होरं..." मी म्हटलं, "परक्या माणसासमोरच. आपल्या माणसांना सांगून झालं."

हे उठले. टप, फट. टप, फट. दारापर्यंत चार पावलं. वळताना बोटं चटईत अडकली आणि ह्यांनी कडी धरली.

पुढे बऱ्याच दिवसांनी ते डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही बोलला नसता तरी मी तपासल्याशिवाय गेलो नसतो. असेल. माणूस इमानी होता. पण माझ्या हातच्या पोह्यांना आणि ह्यांच्या साखरपेरणीला भले भले विरघळलेले मी पाहिले आहेत.

त्यांनी ह्यांना झोपवलं, पावलावर हात ठेवला आणि म्हणाले, "वर उचला. माझ्या हाताविरुद्ध जोर लावा." ह्यांच्या कपाळाची शीर उठली, पाऊल हललं नाही. अंगठा तेवढा किंचित थरथरला. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" उत्तर मी दिलं.

"आजच निघायचं," ते म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल."

आत्या उभ्या राहिल्या. "आन् कौल? कौल मोडायचा?"

मला वाटलं, आता हा शिकलेला माणूस हसणार. तो हसला नाही. म्हणाला, "आजी, आमच्या गावीही कौल लावतात. खळ्याला आग लागली, तर गुरव कळ्या लावत बसतो का, पाणी टाकायचं की नाही म्हणून?"

आत्यांनी ह्यांच्या पावलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाई. तवा घागर उचलायची." आणि त्यांनी स्वतःच दोरीवरचा टॉवेल आणि ह्यांचा सदरा काढून पिशवीत भरला. चाळीतल्या एकाचा टेम्पो होता. मागे गादी टाकून ह्यांना झोपवलं. काकू दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. त्यांना अजूनही ते डोकंच वाटत होतं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. वॉर्डात भेटायची वेळ संपत आली होती. आत्या खाली चहाला गेल्या होत्या. हे दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते, आणि मीही मुद्दाम तोंड उघडलं नव्हतं. एकाएकी छताकडे बघतच म्हणाले, "आईला कौल वाटला. मला नाही वाटला."

"मग?"

"पाकिटातून विश्रांती निघाली तेव्हा मला वाटलं, सुटलो." ह्यांच्या खात्यातल्या एकाचं पाठीचं ऑपरेशन पूर्वी कुठेतरी झालं होतं, तो पुन्हा उठला नाही. त्याची बायको त्याला उचलून दारात ऊन खायला ठेवायची. हे त्याला भेटायला जात, मला न सांगता. "पाय जातोय ते मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. वाटलं, एक पाय गेला तर गेला. दोन्ही नकोत. तू मला उचलून ठेवणार, ते मला बघवलं नसतं."

मला दया यायला हवी होती. आधी रागच आला. एवढे दिवस मी ह्यांना भिडस्त समजत होते, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा समजत होते, आणि हा माणूस भीत होता, एकटा, माझ्या शेजारी झोपून. "मला विचारायचं तरी," मी म्हटलं. "उचलायचं मला होतं ना?" मग मात्र मला रडू आलं. ह्यांनी चादरीतून हात काढला आणि माझा हात धरला. वॉर्डभर माणसं बघत होती, आणि आमच्या काळात असं कुणी करत नसे.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "कळ गेली." खरोखरच गेली होती. पण पाऊल तसंच. मोठे डॉक्टर रोज सकाळी यायचे, बोटं उचलायला सांगायचे. मी धीर करून विचारलं, "येईल का परत?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "शीर किती दिवस दबून होती त्यावर आहे. थोडं येईल."

"वेळेवर आलो असतो तर?"

"बहुतेक जास्त आलं असतं. पण नक्की किती, ते नाही सांगता येणार." आता मला त्यांच्या 'माहीत नाही'ची सवय झाली होती. ते ऐकायला कडू होतं, पण त्यावर पाय ठेवून उभं राहता यायचं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ऑपरेशन झालं असलं तरी अभ्यासात हे विश्रांतीच्याच बाजूला मोजले जाणार. पाकिटात जे निघालं ती बाजू शेवटपर्यंत बदलायची नाही, नाहीतर हिशोबच खोटा पडतो. मला ते विचित्र वाटलं. आत्यांना मात्र एका झटक्यात समजलं. "म्हंजी कौल मोडला न्हाई," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

पाऊल थोडं आलं, फार नाही. पोटरीला पट्टा आणि बुटाला आधार देणारी पट्टी, अशी एक जोडणी हॉस्पिटलनं करून दिली. ती घातली की फटका बसत नसे. कारखान्यानं ह्यांना तपासणी खात्यात बसून करायचं काम दिलं. उभ्याचं काम गेलं याचं ह्यांना वाईट वाटलं. ते मशीन त्यांचं आवडतं होतं. काही महिने सकाळी भोंगा झाला की हे हातातला कप खाली ठेवत.

वर्ष भरलं तेव्हा शेवटच्या तपासणीला आम्ही दोघंच गेलो, लोकलनं. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक तिशीचा माणूस कमरेतून एका कुशीला कलून बसला होता. लातूरकडचा, भोसरीत वेल्डिंगला होता. बरोबर कुणी नव्हतं. सिस्टर मघाशी तेच खोकं घेऊन आत गेली होती. त्यानं ह्यांच्या बुटाची पट्टी पाहिली आणि विचारलं, "भाऊ, तुमचंबी पाकीट निघालं व्हतं का? काय निघाल्यालं चांगलं असतंय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे आता काहीतरी गोड बोलणार, 'देवावर भरवसा ठेवा' वगैरे, असं मला वाटलं. हे वाकले, सावकाश बुटाची नाडी सोडली, मोजा काढला आणि पँट घोट्याच्या वर ओढली. डावी पोटरी उजवीच्या निम्मी होती. समोरच्या बाकावरची दोन माणसंही बघायला लागली.

"काहीही निघू दे," हे म्हणाले. "दोन्हीनं माणसं बरी होतात. पण पाय असा व्हायला लागला तर लपवायचं नाही." त्यांनी पाऊल उचलायचा प्रयत्न केला. सगळ्यांसमोर ते अर्धवट उठलं आणि पडलं. "हे बघ. दुखलं असतं तर लपवता आलं नसतं. हे दुखत नाही, म्हणून लपवता आलं. मी भ्यालो होतो."

त्या माणसानं ते पाऊल पाहिलं. मग त्यानं आपला उजवा पाय चपलेतून काढला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "माझाबी आसाच व्हायलाय. चार दिवस झालं. डॉक्टरला बोललो न्हाई अजून."

डॉक्टरांच्या दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी होती. मी उठले, दार ढकललं आणि आत गेले.